डोक्यावरचं छत

गेले आठ महिने आमच्या गाडीचं छत माझ्या डोक्यावर बसून प्रवास करत होतं. छत म्हणजे पत्रा नव्हे, त्याच्या आतून असतं ते कापड. गाडी २००७ची, बारा महिने उघड्यावर उभी. मुंबईचं ऊन आणि दमट हवा खाऊन कापडामागच्या फोमचा भुगा होतो, कापड सुटतं आणि मांडवासारखं झोळ धरतं. मी टाचण्या मारून बघितल्या. त्या एकेक करून मानेत पडल्या. पिवळा भुगा मात्र रोज खांद्यावर. शुक्रवारी ऑफिसच्या लिफ्टमध्ये एका बाईंनी अत्यंत मायेनं कोंड्यावरच्या शाम्पूचं नाव सांगितलं. मला टक्कल आहे. पूर्ण.

शनिवारी सकाळी कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठला. कारागिरानं छताला एक बोट लावलं, हातभर कापड आणखी खाली आलं. "साडेतीन हजार."

मी घासाघीस करायला तोंड उघडतोय, तोच शेजारच्या स्टुलावरून आवाज आला, "कमीच सांगितले."

पासष्टीचे एक काका. मांडीवर स्कूटरची सीट, दवाखान्यात नातवाला घेऊन बसावं तशी. तिचं कव्हर शिवायला आले होते.

"विकायचीय का गाडी?"

"नाही."

"मग खर्च कशाला?"

"वापरायचीय म्हणून."

"वापरायचीय तर नवी घ्या की!"

इथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण कारागिरानं रंग विचारला आणि मी राखाडी म्हणालो.

"राखाडी नको," काका म्हणाले. "चॉकलेटी टाक. मळखाऊ असतो."

"छत कशानं मळणार, काका?"

"वा! डोक्याचं तेल लागतं ना." मग त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं. सावकाश, रिकामा प्लॉट बघावा तसं. "म्हणजे, तुम्हाला तो प्रश्न नाही म्हणा."

कारागीर मान खाली घालून हसला. मशीनवरच्या पोरानं मान खाली घालायचेही कष्ट घेतले नाहीत.

खरं तर छतावर प्रेम करावं ते काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीवाल्यांनी. आत बसलं की आधी वर बघायचं: गुलाब, वेलबुट्ट्या, चकचकीत रेक्झिन. पद्मिनी बनायची याच कुर्ल्यात. २०२३च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही गेल्या, पण लोंबलेल्या छताची एकही मला आठवत नाही. आणि माझी? सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, "पार्ट बंद झाला, सर." गाडी पंधरा वर्षांची झाली म्हणून २०२२मध्ये पुन्हा नोंदणीचे ५,००० रुपये भरले, वर हरित कर वेगळा. कर घेताना गाडी चालू असते, पार्ट मागितला की बंद. आणि "नवी घ्या" म्हणणाऱ्यांपैकी हप्ता भरायला आजवर एकही पुढे आलेला नाही.

असो. सनशेड, वरचे हँडल, दिवा, खांबांवरची प्लास्टिकं असं सगळं उतरवून छताचा पुठ्ठा डिकीतून बाहेर निघाला. उतरवताना तीन क्लिपा मोडल्या. "जुन्या गाडीत मोडतातच," हे मलाच ऐकवण्यात आलं. पोरगा तारेच्या ब्रशनं भुगा खरवडायला बसला, त्याचं आयतं पिवळं पीठ माझ्या शर्टावर. मी वडापाव खायला सटकलो.

परत आलो तर पुठ्ठ्यावर सोल्यूशन लावून कापड ताणून बसवलेलंही होतं. चॉकलेटी.

"काका म्हणाले, साहेबांचं ठरलं."

काका सीट थोपटत होते. "अंधारात कळत पण नाही," ते म्हणाले. भर दुपारी.

पैसे दिले. पूर्ण साडेतीन हजार, कारण कमी असल्याचा साक्षीदार समोर बसला होता. निघताना कळलं, काकांच्या सीटचा फोम उद्या येणार. "घाटकोपरला सोडाल?" हे विचारेपर्यंत ते पुढच्या सीटवर बसलेही होते, स्कूटरची सीट मांडीवर.

एलबीएस मार्गावर सिग्नलला मोडक्या क्लिपांच्या जागी प्लास्टिक कटकट वाजू लागलं. काकांनी वर बघितलं, समाधानानं मान हलवली. मग त्यांची नजर दाराच्या आतल्या रेक्झिनवर गेली. एका कोपऱ्यात ते जरासं उचललेलं होतं. जरासंच.

"हे बघितलंत का?" म्हणत त्यांनी दोन बोटांनी धरून ओढलं.

सिग्नल सुटला. मागून हॉर्न सुरू झाले. काकांच्या हातात हातभर रेक्झिन होतं आणि ते ते उजेडात धरून म्हणत होते, "यालाही चॉकलेटीच शोभेल."