रोलर बदलण्याआधी पुलीवर रेघ ओढा

गो-कार्ट बनवणाऱ्या पोरांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतोय. स्कूटरचं इंजिन बसवलेली कार्ट पळत नसेल तर काय करायचं, याची ती यादी आहे. या इंजिनात गिअर बदलायचे नसतात. इंजिनाकडची पुढची पुली आणि चाकाकडची मागची पुली यांवर एक बेल्ट फिरतो, आणि पुढच्या पुलीत छोटे वजनदार रोलर असतात. रोलर हलके करा, टॉप स्पीड वाढतो. मागची स्प्रिंग कडक टाका, चढ ओढते. बेल्ट आखूड घ्या, सैल राहत नाही. तरी घसरला तर राळ लावा. आणि बेल्टवरचं झाकण काढा, वजन वाचतं. वाळूजच्या शेडमध्ये अशा कार्ट मी उघडून बघितल्यात. या सल्ल्यांपायी लेकरांचे पैसे आणि स्पर्धेआधीचे दिवस जाताना बघवत नाहीत, म्हणून लिहितोय.

आधी रोलर. इंजिन फिरायला लागलं की रोलर बाहेर फेकले जातात, पुढच्या पुलीचा सरकता फेस, म्हणजे तिची एक तिरपी बाजू, दाबतात आणि बेल्ट वर चढतो. हलक्या रोलरना तेवढाच दाब द्यायला जास्त आरपीएम (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या) लागतात. म्हणून बेल्ट उशिरा चढतो आणि उचल सुधारते. टॉप स्पीड मात्र बेल्ट कडेपर्यंत चढल्यावर मिळणाऱ्या रेशोवर (दोन पुलींच्या फेऱ्यांच्या प्रमाणावर), त्यापुढच्या चेनवर आणि इंजिनच्या ताकदीवर ठरतो. रोलरच्या वजनानं तो रेशो बदलत नाही. फार हलके टाकले तर बेल्ट कडेला पोचतच नाही आणि वेग उलट घटतो.

मग वेग कुठं अडतोय? हे शोधायला एक मार्कर पुरतो. पुढच्या पुलीच्या फेसवर मध्यापासून कडेपर्यंत जाड रेघ ओढा. झाकण लावा, मोकळ्या प्लॉटवर फुल थ्रॉटलनं एक लांब फेरी मारा, इंजिन बंद करून उघडा. रेघ जिथवर पुसली तिथवर बेल्ट चढला.

कडेपर्यंत पुसली असेल तर व्हेरिएटरला, म्हणजे या रोलरवाल्या पुढच्या पुलीला, हात लावू नका, दोष चेन आणि चाकाकडं आहे. स्कूटरचं 90/100-10 टायर साधारण 434 मिलिमीटर व्यासाचं असतं, कार्टचं मागचं 11 इंची टायर साधारण 279 चं. स्कूटरचं चाक एका फेरीत 1.36 मीटर जातं, कार्टचं 0.88. चेनची दातेरी चाकं, म्हणजे स्प्रॉकेट, गिअरबॉक्स आणि एक्सल दोन्हीकडं सारखे ठेवले तर त्याच आरपीएमला एक तृतीयांशाहून जास्त वेग तिथंच गेला. गिअरबॉक्सकडं 22 दात आणि एक्सलवर 14 घेतले तर तो भरून निघतो. पण तेवढी ओढ कमी होते, म्हणून छोट्या वळणदार ट्रॅकसाठी इतकं पुढं जाऊ नका.

रेघ अर्ध्यातच राहिली असेल तर रोलर काढून हातात फिरवा. एका बाजूनं सपाट झालेला रोलर घरंगळत नाही, अडतो. सरकता फेस त्याच्या बुशवर बोटानं सरकतो का बघा. बेल्टची रुंदी व्हर्निअरनं मोजून नव्याशी ताडून बघा. झिजलेला अरुंद बेल्ट खोल बसतो आणि कडेला जात नाही.

स्प्रिंगची गोष्ट अर्धी खरी आहे. कडक स्प्रिंग चढावर बेल्टला लवकर खालच्या रेशोत आणते. पण भार ओळखून मागची पुली आवळायचं काम तिथल्या तिरप्या खाचा आणि पिनांचंही आहे. त्यातलं ग्रीस वाळून घट्ट झालं असेल तर कितीही कडक स्प्रिंग टाका, कार्ट ओढणार नाही. वर बेल्ट तापतो तो वेगळाच.

आखूड बेल्टचं तर ऐकूच नका. या इंजिनात दोन पुलींमधलं अंतर पक्कं असतं, ताण मागची स्प्रिंग देते. आखूड बेल्ट मागच्या पुलीत सुरुवातीलाच खोल ओढला जातो आणि कार्ट दुसऱ्या गिअरमध्ये उचलल्यासारखी सुटते. बेल्ट योग्य मापाचा असला तरी बसवताना मागची पुली हातानं उघडून तो खाली दाबा, मगच पुढचा नट आवळा. नाहीतर बेल्ट पुढच्या दोन फेसमध्ये चिमटतो, नट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि पहिल्या फेरीत ढिला पडतो. एका कार्टची स्प्लाइन, म्हणजे पुली अडकते त्या शाफ्टवरच्या खाचा, अशीच खलास झालेली मी पाहिली.

राळ गिरणीच्या पट्ट्याला ठीक, कारण तो पुलीवर एकाच जागी फिरतो. हा बेल्ट सतत फेसवरून वर-खाली सरकतो, चिकटला की रेशोच बदलत नाही. फेसवर राळ नको, ग्रीसही नको. थिनरच्या फडक्यानं पुसा आणि आधी नक्की काय घसरतंय ते बघा. बेल्ट घसरत असेल तर आत काळी भुकटी सापडते. क्लच घसरत असेल तर त्याच्या बेलवर, म्हणजे बाहेरच्या वाटीवर, निळे डाग पडतात. त्यावर नवा बेल्ट टाकून काहीच होणार नाही.

सगळ्यात जास्त राग झाकणाच्या सल्ल्याचा येतो. पुढच्या पुलीवरची पाती झाकणातूनच हवा खेचून बेल्टवरून फिरवतात. मे महिन्यात आपल्याकडं सावलीतच 42 अंश असतात, त्यात काळ्या मातीची धूळ. झाकण काढलं की गार हवा गेली, धूळ आत आली, आणि ड्रायव्हरच्या पाठीशी फिरता बेल्ट उघडा पडला. तुटलेला बेल्ट चाबकासारखा लागतो. झाकण आधी परत लावा, त्याची हवेची जाळी धुवा, आणि मग मार्कर हातात घ्या.