फाटकावरचं घर

इंग्लंडमधल्या चेस्टरला जाऊन आलेल्या आपल्या मंडळींच्या फोटोंमध्ये ईस्टगेटचं घड्याळ हमखास असतं. देखणंच आहे ते. पण १८९९ साली बसवलेल्या त्या घड्याळाचा कर्ता, वास्तुरचनाकार जॉन डग्लस, मला जास्त भेटतो तो त्याच गावातल्या ग्रोव्हनर पार्कच्या लॉजमध्ये. तिथे थांबणारे कमीच. म्हणून हे लिहितोय.

लॉज म्हणजे इथे उतरायचं हॉटेल नव्हे. व्हिक्टोरियन काळात मोठ्या इस्टेटीच्या किंवा बागेच्या फाटकाशी रखवालदाराच्या कुटुंबासाठी बांधलेलं हे छोटं घर. आपल्या वाड्यांच्या देवडीचं काम, फक्त इथे माणसं संसार मांडून राहायची. बऱ्याचदा नवरा इस्टेटीवर माळीकाम किंवा असंच काही करायचा आणि बग्गी आली की फाटक उघडायला बायको धावायची.

ग्रोव्हनर पार्क वेस्टमिन्स्टरच्या दुसऱ्या मार्क्विसने, म्हणजे ग्रोव्हनर घराण्यातल्या एका बड्या सरदाराने, चेस्टर शहराला दिलं. ते १८६७ मध्ये खुलं झालं आणि लॉज १८६५ ते ६७ मधला. खाली तांबडा वालुकाश्म, वर लाकडी चौकट आणि तिच्यामधे पांढरा गिलावा. आज चेस्टरच्या रस्त्यांवर दिसणारी काळी-पांढरी घरं सगळी मध्ययुगीन आहेत असं पर्यटकांना वाटतं. त्यातली कितीतरी एकोणिसाव्या शतकातली आहेत, आणि डग्लसच्या हातून ही शैली पहिल्यांदा उतरली ती बहुधा याच लॉजवर. डग्लसचे वडील बांधकाम करणारे होते, लाकडाचा व्यापारही करायचे. लाकूड जवळून पाहिलेल्या माणसाचं काम आहे हे, तिथलं कोरीवकाम बघताना सारखं जाणवतं.

आता त्या कोरीवकामात काय आहे ते बघा. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणारा नॉर्मन राजा विल्यम द कॉन्करर आणि चेस्टरचे नॉर्मन अर्ल. रखवालदाराच्या घरावर राजे-सरदार कशासाठी? ग्रोव्हनर घराणं आपली मुळं नॉर्मन काळापर्यंत नेत असे. मार्क्विसच्या मुलाचं नावच ह्यू लुपस होतं, चेस्टरच्या जुन्या नॉर्मन अर्लवरून ठेवलेलं. म्हणजे बाग लोकांना दिली, पण फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाला देणाऱ्याचं कूळ आधी दिसेल याची सोयही केली. मला यात दानत आणि मिरवणं दोन्ही दिसतं. एकामुळे दुसरं खोटं ठरतं असं मला वाटत नाही.

हाच ह्यू लुपस १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टरचा पहिला ड्यूक झाला. चेस्टरच्या दक्षिणेला त्यांची ईटन इस्टेट. तिथे वास्तुरचनाकार अल्फ्रेड वॉटरहाउसने १८७० पासून बारा वर्षं खपून ईटन हॉल हा प्रचंड महाल उभा केला. खर्च सुमारे ८,०३,००० पौंड, त्या काळातले! त्याच इस्टेटीवर डग्लसने या ड्यूकसाठी शाळा, शेतघरं, लॉज आणि सुमारे ३०० कॉटेजेस केली असा अंदाज आहे. विटांच्या भिंतींत निळसर विटांची जाळीदार नक्षी, पिळाची धुराडी, उभट त्रिकोणी माथे. एक्लस्टन हिल लॉज तर तीन मजली आहे, त्याचं उंच उताराचं छप्पर लांबूनही नजरेत भरतं.

आणि तो महाल? दुसऱ्या महायुद्धात तिथे नौदलाचं कॉलेज आलं, नंतर लष्करी अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण केंद्र. १९५८ ला तेही गेलं. एवढ्या आकाराचं करायचं काय, याला उत्तर सापडेना, आणि १९६१ नंतर तो पाडला. चॅपल (प्रार्थनागृह) आणि तबेले तेवढे उरले. डग्लसच्या छोट्या इमारती मात्र मोठ्या संख्येने जागेवर आहेत. याला मी नशीब म्हणणार नाही. दोन-चार खोल्यांचं, नीट बांधलेलं घर कुठल्याही काळात कुणाला तरी हवंच असतं. महालाला जगायला नोकरांचा ताफा आणि एक अख्खी समाजव्यवस्था लागते. ती गेली की महाल गेला. व्हिक्टोरियन स्थापत्य म्हटलं की आपण थेट कळस आणि घुमटांकडे बघतो. मला त्या काळाची कारागिरी या बुटक्या घरांतच जास्त अस्सल वाटते.

एक गोष्ट मात्र खटकते. अशा वास्तूंची माहिती वाचताना वास्तुरचनाकार कोण, पैसे कुणाचे, हे मिळतं. राहत कोण होतं हे क्वचितच. हे शोधणं अशक्य नाही. ब्रिटनमध्ये १८४१ पासून दर दहा वर्षांच्या जनगणनेत घराघरातल्या माणसांची नावं आणि धंदे नोंदवलेले आहेत. इंग्लंड-वेल्सच्या १९२१ पर्यंतच्या याद्या आज कुणालाही बघता येतात. रात्री-अपरात्री उठून फाटक उघडणाऱ्या बाईचं नाव त्यात असणार. भिंतीवर विल्यमला जागा मिळाली, तर माहितीफलकावर तिलाही एक ओळ मिळायला हवी, आणि ती लिहिण्याची जबाबदारी या वास्तू सांभाळणाऱ्यांची आहे.