नाक मोकळं, मी चोंदलेला

दिवाळीआधी सोयाबीनच्या मळणीत उभा राहिलो की माझं नाक महिनाभर बंद. म्हणून गेल्या थंडीत सायनसचं ऑपरेशन उरकून घेतलं, दुर्बिणीतून. तीन महिन्यांनी तपासणीला गेलो आणि सांगितलं, “डॉक्टर, जैसे थे.”

डॉक्टरांनी तोंडावर मास्क दाबला. त्याला पट्टी आखलेली नळी. “तोंड मिटा, जोरात हुंगा.” हुंगलो. नळीतला काटा सरकला. ऑपरेशनआधी मिनिटाला 70 लिटर, आता 150. आमच्या बोअरला उन्हाळ्यात एवढं पाणी नाही! मग पाच प्रश्नांचा कागद आला. नाक चोंदतं का, झोपेचा त्रास होतो का, वगैरे. प्रत्येकाला शून्य ते चार, बेरजेची पाचपट. मला 100 पैकी 75. आयुष्यातलं पहिलं डिस्टिंक्शन, तेही त्रासात.

“मग खोटं कोण, मशीन का मी?”

“कुणीच नाही. नाकाला हवेचे लिटर कळत नाहीत. श्वास आत जाताना अस्तर गार पडतं, तो गारवा नसांना कळतो, मग मेंदू म्हणतो नाक मोकळं. आकडा आणि वाटणं यांचं फारसं जमत नाही.”

परभणीच्या मे महिन्यात गारवा आणायचा कुठून, हे मी विचारलं नाही.

बाहेर बाकावर एक मामा भेटले. त्यांचा काटा 80 वरच अडकलेला. “पण लई झ्याक झोप लागायली बघा,” म्हणाले आणि बसल्या बसल्या लागलीही.

घरी मी नाकपुड्यांवर पाळत ठेवली. सकाळी डावी बंद, दुपारी उजवी. चक्क पाळ्या लावलेल्या. नाकाची ही अदलाबदल 1895 साली कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी लिहून ठेवलीय म्हणे. जगात जर्मनी, भारतात परभणी!

शेवटी बायकोनं ओव्याच्या डब्यामागून पुदिन्याच्या फुलाची बाटली काढली. रुमालावर दोन खडे चुरगाळले, एकदाच हुंगलो. आहाहा, थेट म्हैसमाळच्या डोंगरावरची थंड हवा! दुसऱ्या दिवशी रुमाल हुंगतच दवाखाना गाठला. काटा 150 वरच.

“पुदिन्याचं फूल म्हणजे मेंथॉल. ते गारव्याच्या नसांना फसवतं,” डॉक्टर म्हणाले. “वाट तेवढीच राहते.”

फसवू द्या की. मी कागद मागून घेतला आणि धडाधड शून्य लिहीत सुटलो. झोपेच्या प्रश्नावर बायकोनं पेन धरला.

“अहो, इथं चारच ऱ्हाऊ द्या. फक्त झोप कुणाची, ते नीट लिहा.”