९ ऑगस्टचे स्टेटस आणि सूरजागडचा डोंगर

९ ऑगस्ट, म्हणजे जागतिक आदिवासी दिन आला की व्हॉट्सॲपवर "आदिवासी म्हणजे निसर्गपूजक" वाले फॉरवर्ड सुरू होतात, मागे वारली चित्र, हिरवागार डोंगर वगैरे. त्यात वाईट काही नाही, पण मला दरवर्षी तेच खटकतं, जणू ही माणसं जन्मतःच भोळीभाबडी. अहो त्यामागे शिस्त केवढी असते!

गोंड-माडिया लोकांचा मरका पंडुम घ्या, आंब्याचा सण. गावाने मिळून पूजा करायची, पहिला आंबा देवाला द्यायचा, तोवर नवा आंबा तोंडात घालायचा नाही. झाड लगडलेलं असू दे, पोरं हट्ट करू देत, नाही म्हणजे नाही! तोवर कोय नीट धरते, फळ तयार होतं. आणि आपण? फेब्रुवारीत डझनाला वाट्टेल तो भाव देऊन पेटी आणतो आणि वर स्टोरी टाकतो 😄

आता कुणीतरी येईलच, "ते पण झाडं तोडतात की". तोडतात ना! बांबू तोडतात, विकतात, पोट आहे त्यांनाही. फक्त कधी, किती, कुठून हे गावाने बसून ठरवायचं असतं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) बघा, "मावा नाटे मावा राज" म्हणजे आमच्या गावात आमचं राज म्हणणारं गाव, तिथे बहुमत नाही चालत, सगळ्यांचं पटेपर्यंत चर्चा. मध काढताना माश्या मरू नयेत म्हणून गावात अभ्यासगट बसवलेला, आपल्या सोसायटीत पार्किंगचा विषय निघाला तरी अर्धी माणसं उठून जातात.

आणि याच गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात. २००६ च्या याच कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, म्हणजे गावाने गोळा करून विकायचा जंगलातला माल, असं स्वच्छ लिहिलेलं असताना! शेवटी २०११ मध्ये जयराम रमेश केंद्रात मंत्री असताना स्वतः गावात आले तेव्हा कुठे परवान्याचं पुस्तक ग्रामसभेला मिळालं. म्हणजे जंगल सांभाळायचं त्यांनी आणि शिक्का मात्र वनखात्याचा, असला कारभार. मला तर वाटतं हातात हक्क नसेल तर नुसत्या पूजेने जंगल टिकत नाही, आणि फॉरवर्डमध्ये नेमका हा हक्काचाच भाग गायब असतो.

तिकडे गडचिरोलीतल्याच एटापल्लीत सूरजागडच्या डोंगरावर आदिवासींचा ठाकूरदेव आहे, जानेवारीत यात्रा भरते, इलाख्यातली गावंच्या गावं येतात. त्याच डोंगरातून लोहखनिज निघतंय, ट्रक चाललेत. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले होते, त्यांचं काय झालं ते विचारायला कोणी जात नाही. रोजगार मिळतो हे खरंय, तिथली पोरं कामाला लागलीत, त्यांना नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही. पण देव ज्या डोंगरावर बसलाय तोच डोंगर खणायचा की नाही, हे तिथल्या ग्रामसभेने ठरवायचं का मुंबईच्या मीटिंगमध्ये? यावर बोला कमेंटमध्ये, हात जोडलेले इमोजी नकोत.