एका सप्तपदीला अकरा डबे: ताईंच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला आणि आज सकाळी दुकान उघडायच्या आधी पुन्हा एकदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. ताई रुखवताच्या वस्तू करतात, जसं सप्तपदीच्या सात सजवलेल्या सुपाऱ्या. मार्चमध्ये आम्ही त्यांच्या कामाच्या खोलीतलं सगळं सामान लावून दिलं. आता त्यांनी लिहिलंय की पावसाळ्यात सुपाऱ्यांना बुरशी आणि कीड लागली, मोती डब्याला चिकटले, खणाच्या तुकड्यांची पिशवी आम्ही टाकून दिली आणि ‘फोटोत खोली छान दिसते, पण एक सप्तपदी करायला अकरा डबे उघडावे लागतात’.

ते शेवटचं वाक्य मला लागलं, कारण ते खरं आहे.

आम्ही सामान जातीप्रमाणे लावलं. मोती एकीकडे, कुंदन एकीकडे, गोटा, लेस, टिकल्या, सगळ्याचे वेगळे डबे. दुकानात माल असाच लावतात आणि माझा हात त्यालाच सरावलेला आहे. रविवार पेठेत, बोहरी आळीत माल बघताना गिऱ्हाईक ‘मोती दाखवा’ म्हणतं, ‘सप्तपदीचं सामान दाखवा’ असं क्वचितच. पण तुम्ही टेबलावर बसता तेव्हा तुमच्या डोक्यात मोती नसतात. सात सुपाऱ्या असतात, त्यांच्यावर खणाच्या टोप्या, टोपीला मोत्यांची कड, वर एक कुंदन. मी त्या दिवशी फीत घेऊन कपाट मोजलं. त्याआधी तासभर तुमच्या शेजारी बसून एक सुपारी सजवताना बघायला हवं होतं. ते केलं नाही, ही चूक माझी. माझ्याकडे काम करणाऱ्या मुलींची नाही.

आता असं करू. गठ्ठ्यातला माल भिंतीतल्या कपाटात आहे तसाच जातीप्रमाणे राहू दे, तो महिन्यातून एकदा निघतो. चालू माल मात्र कामाप्रमाणे ट्रेमध्ये लावू. सप्तपदीचा एक, सजवलेल्या नारळाचा एक, ओटीचा एक. ट्रेमध्ये त्या वस्तूला लागणारं सगळं असेल, त्या कामाची सुई आणि दोरासुद्धा, आणि मोती संपले की कपाटातल्या डब्यातून तेवढेच भरायचे. ट्रे उचलला, टेबलावर ठेवला, की काम सुरू.

मोती चिकटले त्याचा दोष पूर्ण आमचा आहे. लोकरीला कसर लागू नये म्हणून आमच्याकडच्या मुलीने त्या ड्रॉवरमध्ये डांबराच्या गोळ्या ठेवल्या. त्याच ड्रॉवरमध्ये मोत्यांचे कडक, काचेसारखे डबे होते. ते पॉलिस्टायरीनचे. डांबरगोळीची वाफ बंद जागेत साठली की हे प्लॅस्टिक मऊ पडतं, चिकट होतं. तुम्ही फोटो टाकलाय त्यात डब्याचा तळ धुरकट झालेला आणि मोत्यांचा थर त्यात रुतलेला स्पष्ट दिसतोय. गोळ्या आजच काढून टाका. डब्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. ६ असेल तर तो डबा बदलायचा, ५ असेल तर चालेल, तो पॉलिप्रॉपिलीनचा. आकडा पुसला असेल तर झाकणाचा नाही, डब्याचाच तुटका तुकडा पाण्यात टाकून बघा. पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, पॉलिस्टायरीन बुडतं. नवे डबे आम्ही आणतो. खराब झालेल्या मोत्यांचे पैसेही आम्ही देणार, बिल नसलं तरी चालेल. जरीचं सामान आणि गोटा जिथे आहे तिथेसुद्धा ह्या गोळ्या नकोत. मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवलं की पुरतं.

सुपाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. हवाबंद डबा आतला दमटपणाही बंद करून ठेवतो. मार्चमध्ये सुपाऱ्या कोरड्या वाटल्या म्हणून आम्ही तशाच भरल्या, ऊन दाखवलं नाही. एप्रिल-मेमधली दोन कडक उन्हं दाखवून, गार झाल्यावर भरल्या असत्या तर एवढं झालं नसतं. बुरशी आलेल्या सुपाऱ्या वेगळ्या काढून टाकून द्या. त्या पुसून लग्नाच्या रुखवतात देऊ नका, तुमचं नाव त्यावर आहे. चांगल्या दिसणाऱ्या सुपाऱ्या घट्ट बांधलेल्या पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, आत किडीची अंडी असतील तर मरतील. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दव धरून पुन्हा ओल. मग डब्यात सिलिका जेलची पुडी. मी नारंगी दाण्यांची आणते, ते ओल शोषून हिरवे झाले की ओटीजीमध्ये, म्हणजे घरच्या छोट्या ओव्हनमध्ये, १२० अंशांवर दोनेक तास ठेवायचे, परत नारंगी होतात.

एका गोष्टीवर मात्र मी माझं म्हणणं सोडणार नाही. रॅक भिंतीपासून चार इंच पुढे ओढल्याने जागा गेली, असं तुम्ही लिहिलंय. ती भिंत पश्चिमेची आहे, पावसाचा मारा तिच्यावरच येतो आणि मार्चमध्येही खालच्या बाजूला पोपडे निघालेले होते. क्विलिंगचे, म्हणजे गुंडाळून नक्षी करायचे कागद आणि खण ह्या पावसात कोरडे राहिले ते त्या चार इंचांमुळे. दिवाळीनंतर भिंतीचं काम करून घ्या, मग रॅक मी स्वतः मागे सरकवून देईन. त्याआधी कृपा करून सरकवू नका.

आणि खणाच्या तुकड्यांची पिशवी टाकलेली नाही हो ताई. माळ्यावर डाव्या हाताला, निळ्या झाकणाच्या पेटीत आहे. लेबल भिंतीच्या बाजूला गेलंय, म्हणून दिसत नाही. गुळेदगुड्डच्या खणाचा वीतभर तुकडासुद्धा आम्ही फेकत नाही, त्यातून सुपारीच्या किती टोप्या निघतात ते मलाही ठाऊक आहे.

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतील आणि तुमच्या हाताला उसंत राहणार नाही. म्हणून येत्या शनिवारी अकरा वाजता मी स्वतः येते, मजुरी घेणार नाही. आधी तुम्ही एक सप्तपदी करा, मी बघते, ट्रे त्यानंतर लावू. वेळ जमत नसेल तर दुकानाच्या नंबरवर कळवा. तोवर कीड लागलेल्या सुपाऱ्यांचा डबा लोकरीपासून लांब, गॅलरीत ठेवा.