कूलर आहे का जी?

मॅटर्निटी लीव्ह आता 26 आठवडे मिळते हे 2017 पासून सगळ्यांना माहीत आहे, पण ते 26 आठवडे नेमके कधी संपतात याचा हिशोब कोणी आधी करत नाही, म्हणजे आम्ही तरी केला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी डिलिव्हरीच्या दोन आठवडे आधीच घरी बसवलं, चिऊ झाली नोव्हेंबरच्या शेवटी, आणि सुट्टी संपत होती 12 मे ला. नागपुरात 12 मे ला दुपारी कुत्रंसुद्धा गाडीखालून बाहेर येत नाही आणि आम्ही अपेक्षा करून राहिलो होतो की एखादी बाई उन्हातानात मनीष नगरपर्यंत येईल आणि साडेपाच महिन्यांचं पोट्टं हसत हसत सांभाळेल.

सासूबाई यवतमाळला, त्यांचे गुडघे त्यांच्यासोबत. माझी आई अजून नोकरीत. नवरा म्हणाला, तुझ्या एचआरला पाळणाघराचं विचार न. विचारलं. 50 किंवा जास्त स्टाफ असेल तर कंपनीला पाळणाघराची सोय करावी लागते, आमचा स्टाफ 43. मी म्हटलं सर, सात लोक भरून घ्या न. ते हसले. मी सिरीयस होते.

मग एजन्सीला फोन लावला. त्यांचं मुख्य काम म्हाताऱ्या पेशंटसाठी माणसं पुरवणं आणि बेबी केअर त्याच्याच खाली बारीक अक्षरात, हे मला नंतर कळलं.

"पेशंटचं वय?"

"साडेपाच महिने."

पलीकडे शांतता. "मॅडम, फॉर्म एकच आहे, मी विचारतो तसं सांगत जा. पेशंट स्वतःच्या हाताने जेवतात का?"

"नाही."

"उठून बसतात?"

"धरून बसवलं तर बसतात, मग एका बाजूला कलंडतात." मीही अहोजाहोवर आले होते.

"डायपर?"

"हो."

"रात्री ओरडतात का?"

"खूप."

"घरच्यांना ओळखतात?"

"मला ओळखतात. मिस्टरांना कधी कधी."

"म्हणजे फुल बेडवरच आहे," तो उसासा टाकून म्हणाला, "चार्ज जास्त लागेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाठवलेली बाई आली, चांगली दणकट, ऐंशी किलोचा पेशंट एकटी कुशीवर वळवणारी. तिने पाळण्यात वाकून पाहिलं, "बस, एवढंच?" म्हणाली, आणि परत काही आली नाही. रजिस्ट्रेशनचे पैसे मात्र नॉन-रिफंडेबल होते, ते त्याच फॉर्मच्या मागच्या बाजूला होतं, आणि मागची बाजू पेशंटला दाखवत नाहीत.

मग आपला नेहमीचा मार्ग. वॉचमन, पोळ्यावाली, भाजीवाला, सोसायटीचा ग्रुप. आणि काय सांगू, लाईनच लागली. रोज दुपारी एक ते चारच्या मध्ये बेल वाजायची आणि कधी एकटी नाही, एका बाईसोबत तिची जाऊ, जावेची बहीण, एकदा तर पाच जणी. मी कैरीचं पन्हं केलं, माठ दोनदा भरला. सगळ्या हॉलमध्ये खिडकीच्या बाजूने बसायच्या, चिऊकडे एक नजर टाकून "गोड आहे जी" म्हणायच्या, पगार विचारायच्या, सुट्ट्या विचारायच्या, मग बोलणं हळूहळू कमी व्हायचं आणि एखादीचा डोळा लागायचा. पाच वाजता ऊन उतरलं की "विचार करून सांगतो" म्हणून उठायच्या. मी नवऱ्याला सांगायची, लोक किती निवांत बोलतात न आपल्याकडे, रिस्पॉन्स चांगला आहे.

चौथ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. एक आजी आल्या, दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "मले काम नाही पायजे जी, पण तुमच्याइथं कूलरची हवा लय मस्त येते म्हणे."

आता आमच्या कूलरबद्दल सांगायलाच हवं. तो नवऱ्याचा प्राण आहे. घरी एसी आहे, बेडरूममध्ये, पण त्याच्याबद्दल त्याला काही भावना नाहीत. कूलर म्हणजे जुना लोखंडी, खिडकीबाहेर स्टँडवर बसवलेला, दर मार्चमध्ये इतवारीतून नव्या वाळ्याच्या ताट्या आणून तो स्वतः लावतो, पंपाची नळी स्वतः साफ करतो. पाणी सुरू झालं की पहिली दहा मिनिटं हॉलमध्ये ओल्या मातीचा आणि वाळ्याचा असा वास सुटतो की कोणीही जागच्या जागी बसतं. बाहेर 44 आणि आत हे. मी बाईचा इंटरव्ह्यू घेत नव्हते, मी वस्तीसाठी पाणपोई चालवत होते.

त्यातही काही खऱ्या कँडिडेट होत्या, नाही असं नाही. एक बाळंतिणींकडची जुनी अनुभवी बाई आली, मालिश तर इतकी सुंदर केली की मलाच पाय पसरून बसावंसं वाटलं. पण मग पिशवीतून सहाण निघाली. हिरडा, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, आणि वरून बोटभर मध. मी म्हटलं ताई, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, आणि मध तर वर्षाच्या आत बिलकुलच नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मीच मध न चाटता वाढलेली दिसतेय. "डॉक्टरले काय समजते?" पुढे फ्रिजमधली काढून ठेवलेल्या दुधाची बाटली दाखवली तेव्हा तर ती उठलीच. तसं पुस्तकात लिहिलंय की आईचं दूध रूम टेंपरेचरला चार तास टिकतं, पण पुस्तकातली रूम 25 डिग्रीची आहे, त्या रूममध्ये मे महिना कधी आलेला दिसत नाही.

भाजीवाल्याने एक पोरगी आणली, त्याची भाची. बारा-तेरा वर्षांची. तिने दोन मिनिटांत चिऊला खळखळून हसवलं, जे काम आमच्याकडे आलेल्या एकाही मोठ्या बाईला जमलं नव्हतं. पण चौदा वर्षांच्या आतल्या पोरांना घरकामाला ठेवायला 2006 पासून बंदी आहे, आणि बंदी नसती तरी सातवीतल्या पोरीला कोण ठेवेल. मी म्हटलं भाऊ, हिची शाळा? तो म्हणाला, "सुट्ट्या आहेत न मॅडम." पन्हं पाजून पाठवलं. जाताना ती कूलरकडे पाहत होती, चिऊ तिच्याकडे.

शेवटी नऊ तारखेला सक्करदऱ्याच्या मावशी आल्या. एकट्या, सकाळी, म्हणजे कूलरसाठी नाही. हात कोपरापर्यंत धुतले, चिऊला खांद्यावर घेतलं आणि उभ्या उभ्याच सुरू झाल्या. नऊ ते सहा, दहा हजार. भांडी नाही, झाडू नाही, लेकराचे लंगोट तेवढे धुईन. रविवार सुट्टी. मारबतीच्या दिवशी येणार नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारे गावचे पाहुणे घरी उतरतात, तीन दिवस सुट्टी. कॅमेरा लावायचा तर लावा पण मले सांगून लावा. आणि कूलरात पाणी भरणं माह्या कामात नाही.

मी नऊ हजारांवर अडले होते. तेवढ्यात चिऊने त्यांच्या खांद्यावर दुधाची मोठी गुळणी टाकली. मावशींनी बोलणं थांबवलं नाही, वाक्यही तोडलं नाही. पदराच्या टोकाने आधी तिचं तोंड पुसलं, मग स्वतःचा खांदा, तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाल्या, "...अन् पगार पाच तारखेच्या आत." माझा नवरा ते काम करताना आधी स्वतःचा टी-शर्ट बदलून येतो.

दहा हजार.

व्हेरिफिकेशनला आधारची झेरॉक्स आणि फोटो घेऊन ठाण्यात गेलो. हवालदार साहेबांनी फॉर्म नीट वाचला, शिक्का मारला आणि हळूच म्हणाले, "अशी आणखी कोणी असन तर सांगजा, माह्या सुनेलेही पायजे."

तेराला मी ऑफिसला. मेट्रोत बसल्या बसल्या फोनवर कॅमेरा उघडला. मावशींनी हॉलमध्ये दोरी बांधून सगळे लंगोट बरोबर कॅमेऱ्याच्या समोर वाळत टाकले होते. त्यामागे चिऊ असावी. मी दिवसभर सीताबर्डीत बसून कूलरच्या हवेवर हलणारे सात पांढरे लंगोट पाहिले, बॉसने विचारलं काय पाहताय, मी म्हटलं डेटा. सव्वादोनला लंगोट एकदम हलायचे थांबले आणि दुसऱ्या सेकंदाला स्क्रीन काळी. फोन केला, उचलला नाही. परत केला, नाही. मी कोणाला काही न सांगता उठले, जयप्रकाश नगर स्टेशनवरून उतरून ऑटो, जिना धावतच चढले, हातातली किल्ली कुलपाला लागेना.

आत अंधार, पडदे ओढलेले, ओल्या वाळ्याचा थोडासा वास उरलेला. लाईट गेली होती. फरशीवर ओली चादर, त्यावर सतरंजी, त्यावर चिऊ नुसत्या झबल्यात पाय फाकवून गाढ झोपलेली. शेजारी मावशी भिंतीला टेकून, डोळे मिटलेले, तोंड थोडं उघडं, आणि हातातला घडी केलेला पेपर मात्र बरोबर चिऊच्या अंगावरून जात होता, येत होता, जात होता. फोन स्वयंपाकघरात, सायलेंटवर.

माझ्या चपलेच्या आवाजाने एक डोळा उघडला.

"काऊन आल्या जी? सुट्टी झाली?"

"नाही, ते... लाईट गेली म्हणून..."

"येईन आत्ता." हात थांबला नव्हता. चिऊकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "आल्याच आहात तर कूलरात दोन बकेट पाणी टाकून द्या. अन् नळ हळू सोडा, आत्ताच झोपली."

मी पर्स ठेवली आणि बकेट घेतली.