आपोआप

आमच्या घरात ‘आपोआप’ हा शब्द जपून वापरावा लागतो. लग्नाला दोनच वर्षं झाली असताना मी एकदा पाहुण्यांसमोर म्हणालो होतो, “आमचं घर काय, आपोआप आवरलेलं असतं.” पुढचे चार दिवस घर खरोखरच आपोआपवर सोडण्यात आलं. पाचव्या दिवशी मी मोज्यांशिवाय ऑफिसला गेलो. एवढा अनुभव गाठीशी असूनही २०२५च्या मार्चमध्ये मी आईला म्हणालो, “आई, यंदा ऑर्डरी कॉम्प्युटरवरच्या शीटमध्ये आपोआप उतरतील. तुला वहीच नको.”

आई काही बोलली नाही. तिने वही उशीखाली सरकवली.

आई मालवणी मसाला करते. चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत, मार्चअखेरपासून ते पावसाची पहिली वर्दी येईपर्यंत. मिरच्या लालबागला जाऊन स्वतः निवडायच्या, रंगाला बेडगी, तिखटाला लवंगी. मिरचीवाल्याशी ती असं भांडते की नवख्या माणसाला वाटावं, आता पोलीस येणार. मग मिरच्या गच्चीत वाळणार, धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर भाजून होणार आणि सगळा लवाजमा डंकावर जाणार. डंकावर ती कुटून होईपर्यंत हलत नाही. न जाणो, आधीच्या बाईची मिरची आपल्यात आली तर! बरणी भरली की वर हिंगाचा खडा. आणि इतकी काटेकोर बाई ऑर्डरी लिहिते कशात, तर नातीच्या शंभर पानी वहीच्या मागच्या बाजूला, फक्त तिलाच कळणाऱ्या भाषेत.

त्याच्या आदल्या मे महिन्यात ती आठ दिवस गावी गेली आणि कारभार माझ्याकडे आला. वहीत पहिलीच नोंद होती : ‘उं. बा. – २ – ने.’ मी अर्थ लावला. उल्हासनगरच्या बाई, दोन किलो, नेऊन देणे. (उल्हासनगरच्या डोक्यावर अनुस्वार कशाला, असा प्रश्न मला पडायला हवा होता.) उल्हासनगरला आमच्या एक बाई आहेतही. भर दुपारी दोन किलो मसाला मांडीवर घेऊन मी बदलापूर गाडीने तिथे पोचलो. बाईंनी सरबत दिलं, मसाला ठेवून घेतला आणि “आठवण ठेवलीत हो” म्हणाल्या. पैशांचा विषय निघाला नाही. आई परत आल्यावर उलगडा झाला. उंच बाई, दोन किलो, नेहमीचा. उंच बाई आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहतात.

तेव्हाच मी ठरवलं की धंदा आधुनिक करायचा. भाच्याने एका संध्याकाळी ऑनलाइन दुकान उभं करून दिलं. फोटो, दर, पत्ता, पैसे भरायची सोय, सगळं. राहिली होती एकच गोष्ट : दुकानात आलेली ऑर्डर शीटमध्ये उतरली पाहिजे. “मामा, दहा मिनिटांचं काम आहे,” भाचा म्हणाला. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच दिवशी रात्री तो मित्रांबरोबर अलिबागला गेला आणि ती दहा मिनिटं माझ्या नावावर राहिली.

मी फोर्टातल्या एका ऑफिसात हिशेब बघतो. आमच्याकडे ज्याला एक्सेलमधलं व्हीलुकअप येतं त्याला कॉम्प्युटर येतो अशी समजूत आहे, आणि ती मी कधी खोडून काढलेली नाही. त्यामुळे वाचायला बसलो. कळलं ते असं, की मार्ग दोन. एक तर शीटने दर पाच मिनिटांनी दुकानाला विचारत राहायचं, “आली का ऑर्डर? आली का?” नाहीतर दुकानानेच, ऑर्डर आली रे आली की शीटला हाक मारायची. या दुसऱ्या प्रकाराला वेबहुक म्हणतात. तो समजायला मला पुस्तकाची गरज पडली नाही. आमच्याकडे पाणी पहाटे साडेचारच्या सुमाराला येतं. पूर्वी आई दर दहा मिनिटांनी उठून नळ सोडून बघायची. मग शेजारच्या काकूंशी ठरलं. त्यांना झोप येत नाही, त्यामुळे पाणी आलं की त्या गॅलरीतून ओरडतात, “पाणी आलंऽऽ!” आपण आतून “हो काकूऽऽ” म्हणायचं. आपला “हो” ऐकू आला नाही, तर काकू पुन्हा ओरडतात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

हाक ऐकायला शीटच्या बाजूने कोणीतरी दार उघडून बसलेलं लागतं. त्यासाठी शीटच्या पोटात एक छोटी स्क्रिप्ट लिहायची, तिच्यात ‘डूपोस्ट’ नावाचं फंक्शन, मग ती ‘डिप्लॉय’ केली, म्हणजे कामावर रुजू केली, की एक लांबलचक पत्ता मिळतो, तो दुकानात नेऊन चिकटवायचा. मी इकडून तिकडून गोळा करून बारा ओळी जमवल्या. चालवायला गेलो तर लाल त्रिकोण आला. हे ॲप तपासलेलं नाही, ते तुमच्या माहितीला हात घालू पाहतंय, बनवणाऱ्यावर तुमचा विश्वास असेल तरच पुढे जा. खाली बनवणाऱ्याचा ईमेल पत्ता. तो माझाच होता.

बायको मागे उभी राहून वाचत होती. “मी असते तर नसतं दाबलं,” म्हणाली.

मी दाबलं. मग ओळखीपाळखीच्या ग्राहकाप्रमाणे स्वतःच एक किलोची ऑर्डर टाकली आणि शीटकडे बघत बसलो. काही नाही. कोडमध्ये चूक सापडली, ती सुधारली, परत ऑर्डर टाकली. काही नाही. शनिवारी रात्री नऊपासून पावणेदोनपर्यंत मी ते कोड इतक्या वेळा सुधारलं की शेवटी ते मूळपदावर आलं. नंतर कळलं, सेव्ह करून भागत नाही, प्रत्येक बदलानंतर नवी आवृत्ती डिप्लॉय करावी लागते. त्या पत्त्यावर बसलेली होती माझी पहिलीच चुकीची आवृत्ती, आणि मी पाच तास भलतंच कोणाला तरी शिकवत होतो. या काळात माझ्या चौदा ऑर्डरी झाल्या होत्या. खऱ्या तीन.

रविवारी सकाळी पहिली ओळ उतरली. ओळ म्हणजे, एकाच चौकोनात सगळं कोंबलेलं, महिरपी कंसांच्या आत महिरपी कंस.

“हे काय?” आईने विचारलं.

“जेसन.”

“वांद्र्याचा का? कितीला घेतलान?”

जेसन हा ग्राहक नसून माहिती बांधून पाठवण्याची पद्धत आहे, हे मी समजावलं. त्याची गाठ सोडवली की नाव एका रकान्यात, पत्ता एका रकान्यात, रक्कम एका रकान्यात. दुपारपर्यंत गाठ सुटली आणि घरात एकदम शांतता पसरली. पहिल्या ऑर्डरीची रक्कम होती नव्वद हजार.

“कोणाकडे लग्न आहे का?” आई खाली बसली. “नव्वद हजारांचा मसाला म्हणजे डंकवाल्याला रात्रभर जागवावा लागेल.” बायकोने तोपर्यंत मनातल्या मनात फ्रिज बदलला होता. पैसे घेणारी यंत्रणा रक्कम रुपयांत नाही, पैशांत पाठवते, हे कळायला मला संध्याकाळ झाली. नव्वद हजार पैसे. नऊशे रुपये. एक किलो. आणि ऑर्डर कोणाची, तर माझीच, रात्री एक वाजताची. शीटमध्ये मात्र वेळ आदल्या संध्याकाळी साडेसातची पडली होती, कारण दुकानाचं घड्याळ जागतिक वेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. याचं मला फार वाटलं नाही. मुंबईने देशाची प्रमाणवेळ १९०६ साली आल्यावरही स्वतःची ३९ मिनिटं मागे असलेली बॉम्बे टाइम १९५५ सालापर्यंत सोडली नव्हती. इतक्या हट्टी गावाने साडेपाच तासांचं काय मनावर घ्यायचं!

मसाल्याच्या दृष्टीने खरं संकट सोमवारी आलं. सायनच्या एका गृहस्थांची अर्ध्या किलोची ऑर्डर शीटमध्ये सहा वेळा होती. एकच नाव, एकच पत्ता, सहा ओळी. मी ऑफिसात असल्यामुळे आईने शीटवर विश्वास ठेवला. माझ्याच सांगण्यावरून ठेवला, हे तिने नंतर तीन नातेवाइकांना सांगितलं. सहा पुड्या बांधून डिलिव्हरीच्या मुलाच्या हाती रवाना. गृहस्थांचा फोन आला, “अहो, आम्ही दोघंच असतो घरी.”

काकू! माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. हाक ऐकली की २०० असं उत्तर द्यायचं असतं, म्हणजे “हो काकूऽऽ”. माझी स्क्रिप्ट ओळ लिहायची नीट, पण उत्तर द्यायची ३०२, म्हणजे “उत्तर पलीकडच्या जिन्यात ठेवलंय, तिथून घ्या.” दुकान कशाला जिने चढेल? त्याच्या हिशेबी घरात कोणी उठलंच नव्हतं. म्हणून ते पुन्हा ओरडे, शीट पुन्हा लिही. शेवटी स्क्रिप्टला शिकवलं की ऑर्डर नंबर आधी लिहिलेला असेल तर नव्याने लिहायचा नाही. ओरडणारा ओरडू दे. चाळीत राहणाऱ्या माणसाला हे पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र मला सुटली नाही. वरळीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा खोली नंबर ५/१२. शीटमध्ये उतरला १२ मे. खोली नंबर बारा मे, तिसरा माळा. शीट अमेरिकन पद्धतीने आधी महिना वाचत होती. सेटिंग भारतावर आणलं, नवी ऑर्डर टाकून बघितली, तर ५ डिसेंबर. भर उन्हाळ्यात माणूस थंडीत जाऊन बसला. जुन्या ओळीतली तारीख काढून साधा आकडा करायला गेलो तेव्हा ४५७८९ आलं. हे काय नवीन, म्हणून शोधलं, तर शीट ३० डिसेंबर १८९९ या दिवसापासून एकेक दिवस मोजत येते आणि १२ मे २०२५ हा तिचा ४५७८९वा दिवस. मसाल्याच्या पुडीवर मी तेवढा आकडा लिहिला असता, तर पोस्टमनने तो पिनकोड समजून एक अंक मागितला असता.

या बाबतीत मी एकटा नाही, याचा जरा आधार वाटला. ‘मार्च’ आणि ‘सेप्ट’ अशा नावांची मानवी जनुकं होती. शास्त्रज्ञांनी ती तक्त्यात लिहिली की त्यांच्या तारखा व्हायच्या, आणि पुढे शोधनिबंधांत तशाच जायच्या. अखेर २०२० साली नावं ठरवणाऱ्या समितीने तक्त्यापुढे हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली. पण मी वरळीच्या माणसाला खोली बदला असं कोणत्या तोंडाने सांगणार? रविवारी बघू म्हणून ते तसंच ठेवलं.

आणि गंमत अशी, की त्यानंतर सगळं सुरळीत चालायला लागलं. ऑर्डर आली की ओळ उतरायची. इतकंच नाही. शेवटचा एक रकाना मी ‘पोचलं?’ या नावाने कोरा ठेवला होता, रोज रात्री स्वतः भरायचा म्हणून. कंटाळा करून मी तो भरलाच नव्हता. तरी तो भरत होता. सकाळी बघावं तर आदल्या दिवशीच्या प्रत्येक ओळीपुढे ‘हो’. मला वाटलं, भाच्याने परस्पर काहीतरी जोडलं. त्याचाच फोन आला, “मामा, भारी! डिलिव्हरीचं पण ऑटोमॅटिक केलंस? कसं केलंस?”

“केलं जरा डोकं चालवून,” मी म्हणालो. बोलायला नको होतं, पण त्या दहा मिनिटांचा राग होता.

गुरुवारी पहाटे काकूंच्या हाकेने जाग आली. “हो काकूऽऽ” असं आतून कोणीतरी म्हणालं, म्हणून मी बाहेर येऊन बघितलं. मोरीत ड्रममध्ये पाइप सोडलेला, शेजारी पाटावर आई, नाकावर चष्मा, हातात फोन. उजव्या हाताच्या एकाच बोटाने ती एकेक अक्षर शोधत होती. बोटाला कालच्या मिरचीचा रंग. शीट तिच्या फोनवर मीच टाकून दिली होती, मार्चमध्ये, नुसती बघायला.

“ड्रम भरेस्तोवर बसून काय करायचं?” ती म्हणाली. “आणि तुझ्या त्या बारा मे वाल्याला सरळ केला हो. आकड्याच्या आधी वर एक टिकली द्यायची, की तारीख होत नाही.”

“तुला कोणी सांगितलं?”

“चुकून दाबली गेली.”

मी फोन हातात घेतला. खरंच, ५/१२. मग सहज बोटाने वर सरकवलं आणि नावांच्या रकान्यावर थांबलो. कु. न. – गो. मा. – दा. डॉ. – वरपासून खालपर्यंत.

“ती पूर्ण नावं वाचून कळतच नव्हतं रे, कोण ते,” आई पाइप दुसऱ्या ड्रममध्ये टाकत म्हणाली. “आता बघ.”

सतरावी ओळ होती : उं. बा. – २ – ने.